ओलं पोतं

गावाला ती कुमुदबेन.
घरात थोरली.
मी धाकटी. मला नुसतं 'अगं' म्हणतात,
आणि तेवढं सव्वीस वर्षं पुरलंय.

पादऱ्याच्या पलीकडे, ढाढरकाठी आमचं घर.
पहाटे पाचला दोघी दूध भरायला निघतो.
डेरीच्या ओळीत तिची बरणीही माझ्याच हातात,
कारण ती तोवर ओळ सोडून
रमण पढियारच्या सुनेला विचारत असते,
लोहाच्या गोळ्या तू खाल्ल्यास, की म्हशीला घातल्यास?
बोलते गुजरातीत, भांडतेही गुजरातीत.
पैसे मात्र मराठीत मोजते,
एकोणसत्तर, सत्तर, ओठांतल्या ओठांत,
कुणी ऐकलं तर कमी होतील जणू.

मग तूर, कापूस, शेण, सासऱ्यांचं औषध.
आणि नेमकं जेवणाच्या वेळी दारात कुणीतरी:
कुमुदबेन, कळा सुरू झाल्या.
कुमुदबेन, बँकेवाला सही जुळत नाही म्हणतो.
तव्यावरची भाकरी तशीच सोडून ती उठते.
उलटते मी.

गाव सांगतं, सोळा बाळंतिणी तिने
वडोदऱ्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचवल्या.
पोचवल्या असतील.
सोळाही वेळा भाकरी मी उलटली.

पहिल्यांदा ती पूरवाल्या पथकात गेली, तेव्हा भाऊजींनी
आधी बोलणं सोडलं, मग जेवण.
तिसऱ्या दिवशी भुकेने दोन्ही परत धरलं.

भादव्यात नदी शेतात येते,
आणि नदीच्या मागोमाग मगर.
शहरातून जीप येईपर्यंत दीड तास.
तेवढ्या वेळात तिला कुणी काठ्यांनी मारू नये
आणि तिनं कुणाला धरू नये,
हे बघायचं काम थोरलीचं.
शाळेत दोन दिवस शिकवलं होतं त्यांना:
ओलं पोतं डोळ्यांवर टाकायचं.
डोळे झाकले की मगर गप्प होते.
माणसांचं तसं नाही, असं ती वर स्वतःचं जोडायची.

त्या वर्षी तिचे सांधे तापाने धरले होते.
वेणी मी घालायचे, पेला मी तोंडाला लावायचे.
रात्री अकराला पोरं ओरडत आली,
गनपतच्या गोठ्यात!
ती भिंत धरून उठली. बसली.
पुन्हा उठली. पुन्हा बसली.
मग माझ्याकडे बघितलं,
'अगं'सुद्धा म्हणाली नाही.

दाराआडचं तुरीचं पोतं मी हौदात बुडवलं.
ओलं पोतं किती जड असतं
हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

गोठ्यात बॅटऱ्यांचा उजेड, चिखलाचा वास,
या कोपऱ्यात पारडी, त्या कोपऱ्यात ती.
जबडा उघडा, आणि डोळे
माझ्याकडे बघणारे की नाही, कळेना.
मी फेकलं.
शेपटीवर पडलं.
मागे कुणीतरी हसलं.
त्या हसण्याचा मला इतका राग आला
की दुसरं पोतं बरोबर बसलं.

मग मी दारात आडवी उभी राहिले.
काठ्या माझ्या पाठीशी, मगर समोर.
आघा रहो! मी ओरडले,
आणि सगळे खरंच मागे सरले,
त्यात माझा नवरासुद्धा.
इतका मोठा आवाज घरात कुठे ठेवला होता मी?

जीप आली, दोर आले, एक वाजला.
मला कुणीतरी बेन म्हणालं, नाव लावून.
मी वळून पाहिलं, कुणाला हाक मारताहेत म्हणून.

घरी चूल पेटलेली.
वाकड्या झालेल्या बोटांनी तिने थापलेली भाकरी,
एका बाजूला पार काळी.
मी मुकाट्याने तोडून खाल्ली.
माझे हात अजून हलत होते.

केवढी होती? तिने विचारलं.
खाटेएवढी, मी म्हटलं.
थोरली कूस बदलत कण्हली.
मग लहानच, म्हणाली.